नवाबची रजई

दिवाळी सरली की भोकरदनच्या पिंजाऱ्याला बोलायला फुरसत नसते. सकाळी अंगणात दव दिसायला लागलं की लोकांना एकदम आठवतं, आपली गादी दगड झालीय. मग सगळं गाव एकाच आठवड्यात गाद्या डोक्यावर घेऊन निघतं आणि प्रत्येकाला आपली गादी उद्याच पाहिजे असते. ख्वाजामियाँचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. वर पत्रे, कोपऱ्यात पिंजायचं मशीन, दारात उसवलेल्या गाद्यांचा ढीग. मागच्या खोलीत त्याची बायको मैमूना खोळी शिवायची. दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात, आढ्याला टांगलेल्या पिंजऱ्यात नवाब असायचा.

नवाब हा पोपट. चौदा वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना एक जुना लिंब तोडला, त्याच्या ढोलीतून हे पिल्लू खाली पडलं. ख्वाजामियाँनं ते रुईत गुंडाळून घरी आणलं. तेव्हा त्याचा बाप जिवंत होता. पिल्लाला पिसं फुटली तसं ते येणाऱ्याजाणाऱ्याकडे असं बघायला लागलं, जणू याची मोठी जहागीर होती आणि ती समोरच्याच माणसानं बुडवली. म्हाताऱ्यानं नाव ठेवलं, नवाब.

बोलायला तो तसा आळशीच. "रुखसार, चाय!" एवढंच त्याला यायचं. रुखसार ही घरातली एकुलती एक लेक. ती लग्न होऊन सिल्लोडला गेली तरी चहाची ऑर्डर चालूच होती. पण त्याला एक आवाज यायचा. म्हाताऱ्याकडे मशीन येण्याआधीची, रुई पिंजायची धनुकली होती. तिची ताणलेली तात लाकडी मुठीनं छेडली की टुंग, टुंग, टुंगुंग असं घुमायचं. मशीन आलं आणि धनुकली खुंटीला गेली, तरी म्हातारा रोज दुपारी ओट्यावर बसून मूठभर रुई उगाच पिंजायचा. म्हातारा जाऊन नऊ वर्षं झाली. तात उंदरांनी खाल्ली. आवाज तेवढा नवाबच्या गळ्यात राहिला. दुपारी मशीन बंद करून, भाकर खाऊन ख्वाजामियाँ आडवा झाला की नवाब तो आवाज काढायचा. ख्वाजामियाँ डोळे मिटून ऐकायचा आणि कधी कधी झोपेतच "हौ अब्बा" म्हणायचा.

खोकला आधीपासून होता. पिंजाऱ्याला खोकला असायचाच, त्याचं काय एवढं. पण या साली तो जिना चढल्यासारखा धापा टाकायला लागला, तेही बसल्या जागी. गादीवर काठी मारून रुई सारखी करताना दोन फटके मारले की तिसऱ्याला हात वर जाईना. गिऱ्हाईकासमोर तो काठी टेकून उभा राहायचा आणि गादी बघत असल्याचं नाटक करायचा. मैमूनानं ते चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी तिनं दुकानाला कुलूप लावलं आणि त्याला जालन्याच्या बसमध्ये बसवलं.

छातीचा डॉक्टर तरुण होता. त्यानं फोटो उजेडाला धरला, बराच वेळ धरला.

"काम काय करता चाचा?"

"गाद्या भरतो."

"विडी, तंबाखू?"

"न्हाई."

"घरात कोंबड्या, कबुतरं, कुठला पक्षी?"

"न्हाई," ख्वाजामियाँ म्हणाला.

मैमूना मागे उभी होती. तिनं बुरख्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"हाय," ती म्हणाली. "पोपट हाय एक. चौदा साल झाले."

डॉक्टरनं आधी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. दार उघडंच होतं आणि बाकावरचे चार पेशंट आपलं दुखणं विसरून आत ऐकत होते. "डॉक्टरशी खोटं बोलून फायदा कुणाचा, चाचा?" डॉक्टर म्हणाला. ख्वाजामियाँ साठीला आलेला माणूस. तो मान खाली घालून सदऱ्याची बटणं लावायला लागला आणि खालचं बटण वरच्या काजात गेलं.

डॉक्टरनं मग समजेल असं सांगितलं. रुईनं छाती खराब झालीच आहे, मशीनचं काम कमी करा. पण पक्ष्याच्या पिसांचा भुगा या छातीला बिलकुल सोसत नाही. फुप्फुस आवळत चाललंय, एकदा गेलं की परत येत नाही. "घरात एकतर तुम्ही राहाल, नाहीतर पोपट," तो म्हणाला. "आणि पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे, हेही तुम्हाला कुणी सांगितलं नसेल." ते खरंच कुणी सांगितलं नव्हतं. मैमूनाला तो गुन्हा चौदा वर्षं उशिरा कळला.

बसमध्ये राजूर येईपर्यंत ख्वाजामियाँ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "तूने कायकू बोली?"

"तो क्या बोलती?"

"मेरेकू झूठा बनाई. सबके सामने."

"झूठे च थे तुम," ती म्हणाली. पण म्हणताना तिनं त्याचं उलटंसुलटं लागलेलं बटण सोडून नीट लावून दिलं.

त्यानं तोडगा काढला तो असा. त्याच दिवशी त्यानं आपली खाट पुढच्या दुकानात नेली, उसवलेल्या गाद्यांच्या ढिगाशेजारी. "मैं इधर सोतूं. नवाब उधरीच रहेगा," तो म्हणाला. जुन्या रुईच्या धुरळ्यात झोपून छाती सुधारते असं त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे. पोपटापासून तो दहा हात लांब गेला आणि खोकला वीस हात जवळ आला. मैमूनानं भांडून बघितलं, रडून बघितलं. तो ऐकून घ्यायचा आणि दुपारी भाकर खाऊन बरोबर त्या मधल्या दारात येऊन आडवा व्हायचा.

तेव्हा मैमूनानं ठरवलं, की पोपटाला घर बघायचं. लेकीला बघावं तसं.

आधी ती वनखात्याच्या ऑफिसात गेली, फाटकापर्यंत. तिथला माणूस भला होता. म्हणाला, घेऊन या चाची, साहेब लिहून घेतील, मग बघून सोडून देतील रानात. सोडून देतील ऐकलं आणि तिचा पाय मागे आला. नवाबला झाडावरचा पेरू कुठून कळणार? त्याला पेरू ताटलीत फोडी करून लागायचा, तोही बिया काढून. कावळ्यांनी त्याला अर्ध्या दिवसात संपवला असता.

रुखसारला फोन केला. तिचं पोर सहा महिन्यांचं होतं आणि सासूनं घरात मांजर पाळलेलं. "अम्मी, मेरेकू दे बोल के मेरा जी करता," रुखसार म्हणाली. पलीकडून सासूचा आवाज आला तसा फोन बंद झाला.

मग राजूरचा पप्पू. गणपतीच्या वाटेवर त्याचं चहा-भज्यांचं हॉटेल. हॉटेलच्या बाकांवरच्या गाद्या ख्वाजामियाँच्याच. पप्पू ऐकून एकदम खूश झाला. "आत्ता आणा चाची! चतुर्थीला इथं पाय ठेवायला जागा नसती. बोलता पोपट म्हनल्यावर लोकं थांबतेत. बराबर इथं, कढईच्या वर टांगतो." मैमूनानं वर बघितलं. कढईचा धूर आढ्याला जाऊन काळा थर बसला होता. बाकावर कॉलेजची चार पोरं बसली होती, त्यातल्या एकानं पेंगणाऱ्या कुत्र्याच्या कानात काडी घातली आणि सगळे हसले. तिनं चहा अर्धा ठेवला. "विचारून सांगते," म्हणाली आणि बसस्टँडवर आली. बस यायला तास होता. त्या तासात तिला वाटून गेलं, की जगात जागा इतकी आहे आणि एका वितीच्या पाखराला मिळत नाही.

दुर्गाबाई आपल्या पायानं दुकानात आली. ती पिंपळगाव रेणुकाईची, नवऱ्याबरोबर मळ्यात राहायची. तिच्या घरच्या गाद्या तीस वर्षं इथेच भरल्या जात. पोरं पुण्याला, वर्षातून दोनदा येत, पण दुर्गाबाई दर साली सगळ्यांच्या गाद्या पिंजून ठेवायची. या खेपेला तिनं जीपमधून तीन गाद्या आणल्या. ख्वाजामियाँ बाजारात दोरा आणायला गेला होता. दुर्गाबाई पाणी पिऊन पिंजऱ्याखाली उभी राहिली.

"काय रे नवाबा, कसा हायेस?"

नवाबनं तिच्याकडे पाठ केली.

"आता याला लई माज आला गं बाई," ती हसत म्हणाली. "आमच्या घरी असता तं मिरच्या तोडायला लावला असता."

मैमूनाच्या हातातली सुई थांबली. तिनं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरचं, खाटेचं, पप्पूच्या कढईचं. दुर्गाबाई ऐकताना खाली बसली.

"मंग मला दे," ती म्हणाली.

"कायमचा द्यायचाय, दुर्गाक्का. परत मागणार न्हाई मी."

"कायमचाच. मला तरी कोन हाय बोलायला? आमचे हे बैलाशी बोलतेत, माझ्याशी न्हाई. काय खातो ते सांग."

मैमूनानं सांगितलं. भिजवलेले हरभरे, पेरू बिया काढून, हिरवी मिरची, पण तिखट. फिकी मिरची तो फेकून देतो. दुर्गाबाई म्हणाली, तिखट मिरचीसाठी लोक पिंपळगावला ट्रक घेऊन येतात, याचं काय घेऊन बसलीस.

"पण यान्ला सांगितलं न्हाई मी," मैमूना हळू म्हणाली. "उडून गेला म्हनून सांगणार हाय. तुमच्याकडं हाय कळलं तं हे चौथ्या दिवशी येऊन घेऊन जातील. तुमी बी कुठं बोलू नका."

"लई मोठं खोटं हाय बाई."

"हौ," मैमूना म्हणाली. "पर ते जिते राहतील ना."

बुधवारी ख्वाजामियाँला हसनाबादेकडं एका लग्नघरच्या गाद्या भरायला बोलावलं होतं. तो सकाळी गेला. मैमूनाच्या हातात दिवस होता. तिनं दार लावून घेतलं आणि आधी शिवायला बसली. पिंजाऱ्याच्या घरातून कुणी कायमचं जायला निघालं तर त्याला बिनरजईचं पाठवत नाहीत, हा त्यांच्यातला रिवाज. रुखसारला दोन दिल्या होत्या. तिच्या सासूनं त्या माळ्यावर टाकल्या हा भाग वेगळा. मैमूनाला मळ्यातली थंडी माहीत होती, तिथं विहिरीवरून वारा येतो. तिनं रुखसारचा लहानपणीचा जांभळा झगा फाडला, आत चांगली नवी रुई भरली, आणि पिंजऱ्याभोवती बांधता येईल अशी दीड वीत रुंदीची, दोन-अडीच हात लांब रजई शिवली. चारी बाजूंनी बारीक टाके, मधे चौकटी. इतक्या बारक्या रजईला कुणी चौकटी घालत नाही. पण हात थांबत नव्हता.

मग तिनं नवाबला जाळीच्या टोपलीत घातलं. टोपलीवर ओढणी बांधली. घरचा पिंजरा जागेवरच ठेवला, दार उघडून. खोटं बोलायला तिनं अजून सुरुवात केली नव्हती आणि पिंजरा आधीच बोलायला लागला होता. बसमध्ये टोपली तिनं मांडीवर धरली. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोंबडी हाय का?" मैमूना म्हणाली, "हौ." आतून आवाज आला, "रुखसार, चाय!" शेजारची बाई तिच्याकडे बघतच राहिली.

दुर्गाबाईच्या मळ्यात दुर्गाबाईचा नवरा कडूबा ओसरीवर जाळी वाकवत बसला होता. बायकोशी चार दिवस कुरकुर करून शेवटी त्यानंच पिंजरा बनवला होता, घरच्या पिंजऱ्याहून चार बोटं मोठा. "कोंबड्या सांभाळायच्या का पोपट," तो तोंडानं म्हणत होता आणि हातानं जाळीची टोकं आत वळवत होता, पाखराला लागू नयेत म्हणून. पिंजरा त्यानं ओसरीच्या तुळईला उंच टांगला. नवाब आत गेला, एका कोपऱ्यात अंग चोरून बसला आणि मैमूनाकडे एका डोळ्यानं बघत राहिला. तिनं रजई दुर्गाबाईच्या हातात दिली. थंडी वाढली की तीन बाजूंनी बांधा, दाराची बाजू मोकळी ठेवा. आणखी काही सांगायचं होतं ते सांगता आलं नाही. ती निघाली तेव्हा नवाब ओरडला. नुसता ओरडला, शब्द नव्हता त्यात. मैमूना बांध ओलांडेपर्यंत तो ओरडत होता आणि ती कानात बोटं घालू शकत नव्हती, कारण लोक कापूस वेचता वेचता बघत होते.

ख्वाजामियाँ दिवस मावळताना आला. हातपाय धुतले, मधल्या दारात आला आणि उभाच राहिला.

"दरवाजा खुला रह गया," मैमूना चुलीकडे तोंड करून म्हणाली. "उड गया जी."

पिंजऱ्यात हात घालून त्यानं दांडी चाचपली. मग चपला घातल्या आणि बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मैमूनाला वाटलं होतं, दोन दिवस हळहळेल, मग काम आहे, सीझन आहे, विसरेल. पण ख्वाजामियाँ सकाळी उठून मार्केट कमिटीच्या पिंपळाखाली जाऊन उभा राहायचा. तिथं पोपटांचा थवा उतरायचा, शंभर-दोनशे. तो मान वर करून एकेक बघायचा आणि हाक मारायचा, "नवाब! ओ नवाब!" थवा उडून जायचा. आडतीवरचे हमाल हसायचे. "चाचा, कोन्ता नवाब? हैदराबादचा का?" कुणी म्हणायचं, "तो बघा, डाव्या फांदीवर, तुमच्याकडंच बघून राह्यला!" आणि ख्वाजामियाँ खरंच डाव्या फांदीकडे बघायचा. त्यांना वाईट करायचं नव्हतं, नुसती मजा. पण दूधवाल्यानं ते मैमूनाला सांगितलं तेव्हा तिनं दुधाचं भांडं तसंच ठेवलं आणि आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

घराच्या पत्र्यावर त्यानं पेरूच्या फोडी ठेवल्या, बिया काढून. सकाळी त्या खारींनी खाल्लेल्या असायच्या, आणि तो म्हणायचा, "आया था शायद." मैमूनाला एवढंच वाटायचं, की जमीन दुभंगावी. रोज ती ठरवायची, आज सांगते. रोज ते कालच्यापेक्षा अवघड झालेलं असायचं. तो शिडी लावून शेजारच्या लिंबावर चढायला लागला तेव्हा तिनं त्याचे पाय धरले. वर दोन पायऱ्यांवर त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो शिडीला मिठी मारून लोंबकळला. तिनं त्याला खाली घेतलं. अंग तापलं होतं. "ठंडी में कहाँ बैठा होंगा वो," एवढंच तो म्हणत होता.

गिऱ्हाईकं गाद्या परत न्यायला लागली. नवव्या दिवशी मैमूनानंच दुकान उघडलं आणि त्याला मशीनपासून लांब, दारात खुर्ची टाकून बसवलं.

त्या दिवशी कडूबा आला. बाजाराचा दिवस होता, मक्याची गोणी टाकून तो आपल्या गाद्या न्यायला आला होता. दुर्गाबाईनं त्याला बजावलं होतं, की पोपटाचं कुठं बोलायचं नाही. कडूबाला वाटलं होतं, ते वनखात्यासाठी. मालकापासून लपवायचं असतं, हे त्याच्या डोक्यात येणार तरी कसं? मैमूना आत चहा ठेवत होती. कडूबानं पिशवीतून जांभळी रजई काढली आणि ख्वाजामियाँच्या मांडीवर ठेवली.

"याला दोन टाके मारा ना ख्वाजाभाई. तुमच्या त्या नवाबानं चोचीनं उसवली. सगळी रुई बाहेर काढून राह्यला तो."

ख्वाजामियाँनं रजई उचलली. कापड रुखसारच्या झग्याचं होतं, तो त्यानंच जालन्याहून आणला होता. टाके मैमूनाचे. अख्ख्या तालुक्यात गादीला असे टाके कुणी घालत नव्हतं. तो रजईवरून अंगठा फिरवत राहिला. चहाचे कप घेऊन मैमूना मधल्या दारात आली आणि तिथंच थांबली.

ख्वाजामियाँनं तिच्याकडे बघितलं नाही. त्यानं दाभण न मागता बारीक सुई मागितली. मैमूनानं ती ओवून दिली. दोरा तिसऱ्या खेपेला नेढ्यातून गेला. त्यानं बाहेर आलेली रुई आत सारली, टाके घातले, दोरा दातानं तोडला.

"खातो का?" त्यानं विचारलं.

"खातो की. लई नखरे हायेत पर. पहिले दोन दिवस नुसता बसून राह्यला. आता मालकिणीच्या हातनं खातो. मला चावला." कडूबानं बोट दाखवलं. त्याला या सगळ्याची गंमत वाटत होती. "दुपारी कसला तरी आवाज काढतो, टुंग टुंग. आमची म्हनती, मशीन बिघडल्यावानी वाटतं."

"काढतो?"

"रोज."

ख्वाजामियाँनं रजईची घडी घातली. "घ्या," म्हणाला. "पैशे नको. हे घरचं काम हाय."

कडूबा गेला. चहावर साय धरली.

"आठ दिन मैं झाड के नीचे खडा रहा," ख्वाजामियाँ म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "लोगाँ हँसे. तू घर में थी. तेरेकू मालूम था."

"हौ."

"एक दिन भी नै बोली."

"बोलती तो लेके आते तुम." तिनं कप खाली ठेवले. "मेरेकू नवाब नै होना. तुम होना."

आपल्याला तो हवा, एवढं तिनं उघड कधी म्हटलं नव्हतं, लग्नाला छत्तीस वर्षं होऊन. तो उठला, आत गेला, रिकामा पिंजरा आढ्यावरून काढला आणि मागच्या परसात नेऊन ठेवला. त्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण खाट त्यानं दुकानातून आत आणली आणि गोळ्या वेळेवर घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो ओट्यावर आला.

"एक बार देखता," म्हणाला. "लाता नै. बस देखता."

विश्वास ठेवावा असं मैमूनाच्या जिवाला वाटत नव्हतं, पण नाही म्हणायला तोंड कुठं होतं तिला? तिनं पेटीतून मोठा सुती रुमाल काढला, दुहेरी घडी केली. "मुँह बांध के," ती म्हणाली. ख्वाजामियाँनं आयुष्यात तोंड बांधून पिंजलं नव्हतं. पिंजाऱ्यानं तोंड बांधलं तर गिऱ्हाईकाला वाटतं रुई घाण आहे. त्यानं रुमाल घेतला आणि खिशात ठेवला.

पिंपळगावला ते उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. रेणुकाईच्या देवळापासून मळा दीड मैल. तेवढ्यात ख्वाजामियाँ चारदा थांबला. दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता, बाया कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. मळ्याच्या बांधावर मैमूनानं त्याच्या हातून रुमाल घेतला आणि त्याच्या नाकातोंडावर घट्ट बांधला, मागे दोन गाठी मारल्या. त्याचे नुसते डोळे दिसत होते.

दुर्गाबाई ओसरीवर ज्वारी निवडत होती. ती दचकून उठली, मग ओळखलं आणि एकदम तिचा चेहरा उतरला. "न्यायला आले?" तिनं मैमूनाला विचारलं. सूप तिच्या हातातच होतं. या बाईला दहा-बारा दिवसांत पाखराचा लळा लागला होता, ते ख्वाजामियाँनं बघितलं. मैमूनानं नाही म्हणून मान हलवली, पण तिची नजर नवऱ्यावर होती. आता हा रुमाल सोडील, पिंजऱ्याशी जाईल, आणि मग याला इथून कोण हलवणार?

नवाब मक्याचं कणीस पायात धरून सोलत होता. जांभळी रजई तीन बाजूंनी बांधलेली होती. त्याचं अंग भरल्यासारखं दिसत होतं, पिसांवर तकाकी आली होती. तोंड बांधलेला माणूस अंगणात आलेला बघितला आणि त्यानं कणीस टाकलं, मागे सरकला, पिसं अंगाला चिकटवून ताठ बसला. चौदा वर्षं ज्यानं पेरूच्या बिया काढल्या त्याला बघून तो भ्याला होता.

ख्वाजामियाँ अंगणाच्या मधोमध उभा राहिला. पुढे गेला नाही. हातही वर केला नाही.

"अहो, हाक मारा की," दुर्गाबाई म्हणाली. तिला आता राहवेना. "भ्याला तो. बांधलेलं सोडा ना जरा, इथूनच. लगेच वळखंल तुमाला."

ख्वाजामियाँनं मान हलवली. तो तिच्या जवळ आला, पिंजऱ्याकडे पाठ करून, आणि अगदी हळू बोलला.

"नको, दुर्गाबाई. वळखलं तं उद्यापासून वाट बघत बसंल. मी आठ दिवस बघितली. लई वाईट असती ती."

दुर्गाबाईनं सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मैमूनाला त्या क्षणी त्याचे पाय धरावेसे वाटले, त्या सगळ्या दिवसांसाठी. ख्वाजामियाँनं एकदा मागे वळून बघितलं, चांगलं पोटभर बघितलं. मग तो निघाला.

बांधावर त्याला उबळ आली. त्यानं रुमालावर दोन्ही हात दाबले, डोळे लाल झाले, गळ्याच्या शिरा फुगल्या, पण आवाज त्यानं बाहेर येऊ दिला नाही. कारण तो खोकला नवाबला ओळखीचा होता. तसाच तो कापसाच्या दोन सऱ्या चालत गेला, विहीर ओलांडली, रस्ता लागला. तिथं वळणापलीकडे, मळा दिसेनासा झाल्यावर, तो खाली बसला आणि मोकळा खोकला. मैमूना त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.